थंडी निघाली आहे म्हणे

रामपायलीत महिना कोणता चालू आहे हे विचारण्याआधी समोरचं घर कोणाचं आहे ते पाहून घ्यावं. आमच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर आहे आणि त्यात महिना अमावास्येला संपतो. शेजारी पटेलजींच्या ओसरीत जबलपूरचं लाला रामस्वरूप पंचांग खिळ्याला टांगलेलं असतं, त्यात महिना पौर्णिमेलाच आटोपतो. चंद्र वाढत असतो तोवर आम्ही दोघे एकाच महिन्यात नांदतो. पौर्णिमा उलटली की पटेलजी सहकुटुंब पुढच्या महिन्यात राहायला जातात आणि आम्ही पंधरा दिवस मागल्याच महिन्यात मुक्काम ठोकून असतो. शास्त्रात याला अमान्त आणि पूर्णिमान्त म्हणतात. नर्मदेच्या खाली एक पद्धत, वर दुसरी, असं ढोबळमानानं सांगतात. आता रामपायली नर्मदेच्या बरीच खाली. पण राज्य मध्य प्रदेश, शेजार पोवारांचा, चंदन नदीकाठचा देव अयोध्येचा, देऊळ नागपूरकर भोसल्यांचं म्हणून सांगतात ते, आणि बाजारहाट वारासिवनीला, मोठा असला तर गोंदियाला. एवढ्या गुंत्यात नर्मदेनं ओढलेली रेघ कोण बघतो?

ही पंधरा दिवसांची तफावत एरवी कुणाला टोचत नाही. २०२४ च्या कार्तिकात टोचली, कारण थंडी आली नाही.

आली नाही म्हणजे अगदीच आली नाही असंही नव्हे. सकाळी धानाच्या बांधीवर दव दिसे, दहाला ऊन चटके देई, चारला आभाळ भरून येई आणि रात्री काय होईल ते आठच्या बातम्यांनाही ठाऊक नसे. चांगल्या कडक हिवाळ्याचं किंवा सरळ उन्हाळ्याचं माणूस काहीतरी करून घेतो. या मऊ, गुळमुळीत, रोज मत बदलणाऱ्या हवेचं करायचं काय, ते कळत नाही. तक्रार करावी तर त्रास काही नाही. कौतुक करावं तर धान वाळत नाही.

शाळेत पाठ करून घेतलेलं कोष्टक असं : आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत. थंडीचं खातं हेमंताकडे. म्हणजे पटेलजींच्या पंचांगात १६ नोव्हेंबरला अगहन लागला, तेव्हापासून थंडी मागायचा त्यांना हक्क होता. आमचा कार्तिक १ डिसेंबरच्या अमावास्येपर्यंत. तोवर आम्ही शरदातच, आणि शरदात उकडलं तर तक्रार कुणाकडे नेणार? पटेलजी सकाळी ओसरीत उभे राहून उत्तरेकडे पाहत आणि म्हणत, ‘‘गुरुजी, अगहन लग गया, ठंड कहाँ है?’’ मी म्हणे, ‘‘आमच्याकडे अजून कार्तिक आहे जी, आम्हाला विचारू नका.’’ ते माझ्याशी हिंदीत बोलतात, मी त्यांच्याशी मराठीत, आणि त्यांच्या मातुःश्री आम्हा दोघांनाही पोवारीत गप्प बसवतात. असं हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं आहे.

त्या साली मुळात दिवाळीपासूनच काही पक्कं नव्हतं. लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर देशभरच्या पंचांगकर्त्यांत जुंपली होती. अमावास्या ३१ च्या दुपारी लागत होती आणि १ च्या संध्याकाळी संपत होती, त्यामुळे दोन्ही पक्षांकडे शास्त्र होतं. महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं १ तारखेच्या बाजूला गेली, उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी ३१ तारीख धरली. आमच्या गल्लीत दोन्ही दिवशी फटाके वाजले. लक्ष्मी पहिल्या दिवशी पटेलजींकडे जेवून दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली, असं आमच्या घरी म्हणतात. पटेलजींच्या घरी उलट म्हणतात, की उरलंसुरलं घेऊन गेली. आणि दोन्ही दिवशी अभ्यंगस्नानाचं पाणी तापवायला बंब पेटवला तो निव्वळ रीत म्हणून. उटणं लावून कुडकुडण्यातच पहिल्या आंघोळीचा खरा मान आहे. त्या वर्षी लोक उटणं लावून पंख्याखाली बसले होते.

लोक उगाच बोलत नव्हते, हे नंतर हवामान खात्यानंच सांगितलं. २०२४ चा ऑक्टोबर हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. सरासरी तापमान असायला हवं २५.६९ अंश, ते निघालं २६.९२. सव्वा अंशाचा फरक. एका माणसाच्या अंगात सव्वा अंश ताप वाढला तर घरात धावपळ होते, इथे अख्ख्या देशाच्या अंगात वाढला आणि आपण फराळाच्या ताटावर चकली मऊ का पडली याची चौकशी करत होतो. चकलीचं उत्तरही त्याच सव्वा अंशात आणि बंगालच्या उपसागरावरून आलेल्या ओलाव्यात होतं, पण ते सांगून चकली करणाऱ्या बाईचं समाधान होत नाही. तिला वाटतं, आपण भाजणीची बाजू घेतोय.

कारण समजायला तसं सोपं आहे. आपल्याकडे थंडी येते ती वायव्येकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूनं पश्चिमी झंझावात येतात, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतात, मग मागून कोरडा गार वारा खाली उतरतो, आभाळ निरभ्र होतं आणि जमिनीनं दिवसा घेतलेली ऊब रात्री आकाशात निघून जाते. त्या हंगामात झंझावातच फिरकले नाहीत. वारा पूर्वेकडून चालू राहिला, बंगालच्या उपसागरात एकामागून एक कमी दाबाचे पट्टे तयार होत राहिले, आणि ढग आले की ते रात्री दुलईचं काम करतात, जमिनीची ऊब वर जाऊच देत नाहीत. बालाघाट जिल्हा बसलाय नेमका अशा जागी, की वायव्येचा वारा इथपर्यंत येता येता दमतो आणि पूर्वेचा वारा इथपर्यंत पोचतोच पोचतो. दोघांच्या हद्दीवर राहणाऱ्यानं कुणाचाच भरवसा धरू नये. हद्दीवर राहायची सवय आम्हाला तशी जुनी. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तोवर आमचे सगळे कागद दक्षिणेकडे जात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि कागद भोपाळकडे निघाले. वारा मात्र अजून जुन्याच पत्त्यावरून येतो. भोपाळचा अंदाज ऐकून इथला माणूस मान डोलावतो आणि मग गोंदियातल्या मेहुण्याला फोन लावून खरं काय ते विचारतो.

त्यात आणखी एक घोळ मलाजखंडचा. आमच्या जिल्ह्याचं तापमान म्हणून वर्तमानपत्रात बऱ्याचदा मलाजखंडचा आकडा येतो. मलाजखंड म्हणजे तांब्याची खाण, मैकलच्या बाजूचा उंच, जंगलातला मुलूख. रामपायली खाली वैनगंगेच्या सपाट खोऱ्यात. तिथला आकडा वाचून इथल्या माणसानं हुडहुडी भरून घ्यावी, अशी अपेक्षा असते. आमच्याकडच्या एका काकाजींनी ती पूर्ण केली. पेपर आला की ते आकडा पाहून कानटोपी चढवत. खिडकीतून हात बाहेर काढून हवा बघा, असं कुणी सुचवलं तर म्हणत, ‘‘सरकारनं मोजली आहे जी, तुमच्या हातानं काय होते?’’ दुपारी घामानं टोपी भिजली की तीच वाळत घालायला उन्हाचा उपयोग होई.

घरातला खरा प्रश्न मात्र पंख्याचा होता. या विषयावर कुणी फारसं लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसली जातात. ती एकदा पुसली की पंखा होळीपर्यंत बंद, हा आमच्या घरचा कायदा. त्याच्यामागे हवामान नाही, धूळ आहे. चालू पंख्याच्या पात्याला धूळ चिकटते आणि मग पुसलेलं फुकट जातं. त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या उबदार रात्री पंखा लावणं हा नुसता उकाड्याचा विषय राहिला नाही, तो केलेल्या कष्टांचा अपमान झाला. मी रेग्युलेटर हळूच एकवर ठेवी. एकवर आमचा पंखा वारा देत नाही, फक्त कुरकुरतो. कुरकुर ऐकून घरात जाग येई.

‘‘अहो, पंखा लावलात?’’

‘‘एकवरच आहे.’’

‘‘आणि अंगावर दुलई?’’

यावर उत्तर नसतं. पंखा लावून दुलई घेणं हे कोणत्याही कोर्टात सिद्ध करता येण्यासारखं नाही. पण ज्यानं ती हवा भोगली आहे त्याला कळेल. पंख्याशिवाय गळ्याला घाम येई, दुलईशिवाय पहाटे चारला पोटऱ्या गार पडत. शरीराच्या दोन टोकांना दोन ऋतू चालू होते. अखेर तडजोड अशी झाली, की पंखा साडेबारापर्यंत, दुलई गुडघ्यापर्यंत, आणि होळीच्या आधी पाती मी पुसायची. पटेलजींकडे वेगळाच तोडगा निघाला. त्यांच्या मातुःश्रींनी पंख्याच्या बटनावर चिकटपट्टी लावून टाकली. वय नव्वदीकडे झुकलेलं असलं तरी घरातली वीज अजून त्यांच्या हुकमानं चालते.

कपाटाचंही तेच. स्वेटर, शाली, मफलर डांबरगोळ्यांसकट बाहेर काढून उन्हात घातले, घडी करून खुर्चीवर ठेवले आणि ते खुर्चीवरच राहिले. मुलं सकाळी शाळेत जाताना स्वेटर घालून निघत आणि दुपारी परतताना तो कमरेला बांधलेला, दप्तरात कोंबलेला, किंवा शाळेतच. शाळेत राहिलेल्या स्वेटरांचा एक ढीग होतो, आणि त्यातून आपला ओळखणं हे आईचं काम असतं. सगळ्यांचे निळे.

स्वेटर विकणाऱ्यांची दशा तर बघवत नव्हती. आमच्या भागात हिवाळा लागला की तिबेटी मंडळी रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून स्वेटर लावतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. तिथली पोरं आता आपल्यापेक्षा शुद्ध झाडीपट्टीची मराठी बोलतात. हिमालय ओलांडून आलेल्या माणसांनी वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन थंडी विकायची, यात आधीच पुरेसा विनोद आहे. त्यात थंडीच नसावी! गोंदियात एक दुकानदारीण बाई लोकरीच्या ढिगाशेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. भाव कमी करा म्हटलं तर म्हणाल्या, ‘‘थंडी आल्यावर या, तेव्हा वाढवतो. आता तसाच घ्या.’’ असा सरळ व्यवहार मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. घेतला एक बिनबाह्यांचा. बाह्या नसल्या की अर्धा उन्हाळाही चालतो, हा त्यांचाच युक्तिवाद.

नोव्हेंबरच्या बारा तारखेला देव उठले. आमच्याकडे कार्तिकी एकादशी, पटेलजींकडे देवउठनी ग्यारस. या एका बाबतीत दोन्ही पंचांगांचं एकमत, कारण शुक्ल पक्ष. आषाढात झोपलेले विष्णू चार महिन्यांनी उठतात, अंगणात उसाचा मांडव पडतो, बोर, आवळा, नवी भाजी पुढे ठेवतात. पंढरपूरला लाखो वारकरी त्या दिवशी चंद्रभागेत उतरतात. मला दर वर्षी वाटतं, देवांनी उठायला बरीच सोयीची वेळ निवडली आहे. पावसाचा चिखल झोपेत काढायचा आणि उठायचं गुलाबी थंडीत, समोर ऊस तयार. त्या वर्षी मात्र उठल्याबरोबर त्यांनाही पांघरूण बाजूला सारावंसं वाटलं असेल.

तीन दिवसांनी, १५ नोव्हेंबरच्या शुक्रवारी, कार्तिक पौर्णिमा. रामपायलीचा हा मोठा दिवस. श्रीराम बालाजीच्या देवळाची जत्रा भरते, चंदनच्या पाण्यात पहाटे स्नानं होतात, दिवे सोडतात, दूरदूरची माणसं येतात. वनवासात राम इथून गेला अशी श्रद्धा आहे, आणि देवळाची रचना अशी की उगवत्या सूर्याचा पहिला किरण देवाच्या पायांवर पडतो असं गावात सांगतात. एरवी त्या पहाटस्नानाचं सगळं पुण्य थंडीत असतं. नदीत पाय टाकायचा आणि आपोआप रामनाम बाहेर पडायचं, असा तो प्रकार. त्या वर्षी बायाबापड्या आरामात पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. काठावरच्या एक म्हाताऱ्या आजी नातसुनेला खडसावत होत्या, ‘‘लवकर निघ वो, आंघोळीले आली का पोहाले?’’ पुण्याचा हिशेब करताना चित्रगुप्तानं तापमानाचा रकाना ठेवला असेल तर त्या वर्षीच्या स्नानांना अर्धेच गुण मिळाले असणार.

जत्रेत कोण खूश होतं ते पाहण्यासारखं होतं. शिंगाड्यांचे ढीग दणादण खपत होते. तळ्यातून काढलेले, उकडलेले, काळे पडलेले शिंगाडे सोलताना बोटं रंगतात, पण कार्तिकातला शिंगाडा सोडवत नाही. रसवंतीवाला आणि बर्फाचा गोळा विकणारा पोरगा, दोघे मजेत होते. कार्तिकी जत्रेत बर्फाचा गोळा खाणं हे मी आजवर फक्त सर्दीच्या कारणांत ऐकलं होतं. चहावाल्याचा चेहरा पडला होता. त्याच्या मते थंडी नसली की माणूस चहा पितो, पण दुसरा कप मागत नाही, आणि धंदा दुसऱ्या कपावर चालतो. आकाशपाळणेवाल्याचं कशानं काही बिघडत नव्हतं. वर गेलं की सगळ्यांनाच गार वाटतं.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. गोवारी ढाली नाचवतात, रात्री दंडार होते, पलीकडे भंडारा-गोंदियात झाडीपट्टीची नाटकं पहाटेपर्यंत चालतात. प्रेक्षक अंथरूण-पांघरूण घेऊन येतात, तिसऱ्या अंकापर्यंत अर्ध्या प्रेक्षकांची फक्त नाकं दिसत असतात. त्या मऊ हवेत लोक उघड्या अंगानं बसले, डास मारत बसले, आणि नटांना प्रथमच कळलं की टाळ्या दोन हातांनी वाजतात. पांघरुणातून हात बाहेर काढायचे कष्ट नव्हते ना. शिवाय सीमेपलीकडे विधानसभेचा प्रचार तापला होता, २० नोव्हेंबरचं मतदान होतं. आमच्याकडे मत द्यायचं नसल्यानं आम्ही दोन्ही बाजूंची भाषणं निवांत ऐकून आलो. फुकटच्या नाटकांत ती एक भर.

आता धान. इथवर आलो आणि धानाचं नाव काढलं नाही, हे आमच्या बटईवाल्याला आवडलं नसतं. त्याच्या दृष्टीनं हवेला एकच काम असतं, धान वाळवणं. बालाघाट म्हणजे धान. इथल्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भात शिजला की शेजाऱ्याला वास जातो आणि तो काहीतरी निमित्त काढून येतो. हलकं धान दिवाळीपर्यंत निघतं, भारी धान मागून. कापणी झाली की कडपा बांधीतच पसरून वाळू द्यायच्या, मग भारे, मग पुंजणं, मग मळणी. या सगळ्याला लागतं कोरडं ऊन आणि कोरडा वारा. संध्याकाळी आभाळ भरून आलं, की कापलेल्या कडपांकडे पाहून पोटात गोळा येतो. एक सर आली तरी कडपा भिजतात, दोन दिवस भिजलेल्या राहिल्या की दाण्याला कोंब फुटतो. आणि नुसते ढग, पाणी नाही, अशा हवेत उभ्या धानावर तुडतुडा वाढतो. म्हणजे आभाळानं पाऊस पाडला तरी नुकसान आणि नाही पाडला तरी.

बटईवाला रोज संध्याकाळी येऊन आभाळाकडे बोट दाखवी. ‘‘पाणी येन का जी?’’ मी मोबाईल काढे. मोबाईल म्हणे, वीस टक्के शक्यता. ‘‘वीस टक्के म्हणजे येन का नाई येन?’’ या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कोणत्याही वेधशाळेकडे नाही. त्याला कापायचं की थांबायचं एवढंच ठरवायचं असतं, टक्क्यांनी विळा चालत नाही. मग तो पटेलजींकडे जाई. तिथे घाघ-भड्डरीचा दाखला निघे. आमच्या वाडवडिलांकडे तेच काम सहदेव-भाडळी करत. दोन्ही जोड्यांचा जीव पावसात. कोणत्या नक्षत्राला वारा कुठून आला, मुंगीनं अंडी कुठे नेली, सगळं सांगून ठेवलेलं. पण थंडी वेळेवर न आल्यास काय करावं, यावर त्यांनी विचार केलेला दिसत नाही. त्यांच्या काळी ती येत असावी.

हल्ली त्यांची जागा एका परदेशी बाईनं घेतली आहे. ला निना. पार दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडून प्रशांत महासागराचं पाणी गार पडायला लागतं, आणि त्या वर्षी आपल्याकडे थंडी जास्त असते असा साधारण अनुभव. २०२४ च्या पावसाळ्यापासून ती येणार, येणार, म्हणून सांगत होते. सप्टेंबरात येणार, मग ऑक्टोबरात, मग वर्षअखेर. गावातल्या पोरांना सुद्धा नाव पाठ झालं. पानाच्या ठेल्यावर ‘‘निना आली का?’’ अशी चौकशी होई, आणि बाहेरगावचा माणूस दचकून इकडेतिकडे पाही. अमेरिकेच्या हवामानसंस्थेनं ती आल्याचं जाहीर केलं तेव्हा जानेवारी २०२५ उजाडला होता, आणि आली तीही अशक्त. तोवर आमच्याकडे तिळगुळाची तयारी चालू होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदाची थंडी आली. खरी, उत्तरेकडची. सकाळी तोंडातून वाफ निघाली, बंबाला अर्थ आला, शेकोट्या पेटल्या, काकाजींच्या टोपीची लाज राखली गेली. पटेलजी विजयी मुद्रेनं भिंतीपाशी आले. ‘‘देखा? अगहन में आई.’’ त्यांच्या पंचांगानं दिलेला शब्द पाळला होता, थोडा उशिरा. मी पेचात पडलो. थंडी नाकारता येईना, आणि आमचा तर अजून कार्तिक चालू. शेवटी एवढंच म्हणालो, की आमच्या हिशेबानं ही थंडी अनधिकृत आहे.

ती टिकली नाही. बंगालच्या उपसागरात वादळ तयार झालं, ‘फेंगल’ त्याचं नाव. हे नाव सौदी अरेबियानं सुचवलेलं. तेरा देश आळीपाळीनं नावं देतात, तेव्हा सौदीची पाळी होती. ३० नोव्हेंबरला ते पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं, तिकडे त्यानं अतोनात पाऊस पाडला आणि इकडे विदर्भावर, आमच्यावर ढगांची चादर ओढून दिली. पुन्हा ऊब, पुन्हा पंख्याचा विषय. आमचे बटईवाले डोक्याला हात लावून पुंजण्याशेजारी बसले. अरबस्तानानं नाव ठेवलं, पुदुच्चेरीला लागलं, आणि धान रामपायलीत वाळेना. जग जवळ आलं आहे असं म्हणतात त्याचा अनुभव असा येतो.

डिसेंबरच्या दोन तारखेला प्रतिपदा लागली आणि आमचा मार्गशीर्ष सुरू झाला. दोन्ही घरं पुन्हा एका महिन्यात आली. हेमंत आता बिनविरोध, थंडी मागायचा हक्क दोघांनाही, आणि दोघेही बनियनवर ओसरीत. मी पटेलजींना म्हटलं, आता तुमचं काय म्हणणं? ते बराच वेळ पंचांग चाळत राहिले. मग म्हणाले, छापताना चूक झाली असेल.

त्यापुढे या वादाला कुणाला सवड राहिली नाही, कारण त्याच सुमारास सरकारी धानखरेदी सुरू झाली. त्या हंगामाचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये, आणि अट अशी की धानात ओलावा सतरा टक्क्यांच्या वर नको. केंद्रावर एक लहानसं यंत्र असतं. मूठभर दाणे टाकायचे, आकडा येतो. सगळा कार्तिक, दोन्ही पंचांगांचा, सगळे ढग, फेंगल, प्रशांत महासागर, सगळं त्या एका आकड्यात येऊन बसतं. अठरा आला की बोरे उचला, मोकळं करा, उन्हात पसरा, पुन्हा भरा, पुन्हा नंबर लावा. आमचा साडेसतरा आला. मोजणारा पोरगा भला होता, म्हणाला, ‘‘काकाजी, दोन दिस ऊन दाखवा फक्त.’’ ऊन दाखवा! ते काय आमच्या घरात आहे?

डिसेंबरच्या मध्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, कडाक्याची थंडी पडली. नागपूर-गोंदियापासून इकडे सगळं गारठलं. त्या वेळी आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, धानाच्या पोत्यांवर, केंद्राबाहेरच्या रांगेत रात्र काढत होतो. माझ्या मागच्या ट्रॉलीवर पटेलजी, दोन दुलया, कानटोपी, वर पोतं. मी बिनबाह्यांच्या स्वेटरात हात काखेत धरून बसलो होतो. तिबेटी बाईंचा युक्तिवाद डिसेंबरला लागू नव्हता. शेकोटीजवळ कुणीतरी विचारलं, आज तिथी कोणती? पौर्णिमा झाली का? म्हणजे पटेलजी पौषात गेले का?

पटेलजींनी पोत्यातून तोंड बाहेर काढलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलले, ‘‘तिथी राहू द्या जी गुरुजी. पुढे ट्रॉल्या किती आहेत ते मोजून सांगा.’’